ग्वेल्फचा बदललेला खंजीर

नोकरीतली बरीच प्रकरणं मी विसरलो. पण एका खंजिराची घटना आजही जशीच्या तशी आठवते, कारण त्यात संशयितानंच माझं काम सोपं करून टाकलं आणि तिथेच मला शंका आली.

ऐंशी पार केलेल्या एक बाई कॅनडातल्या ग्वेल्फच्या आमच्या पोलीस ठाण्यात आल्या आणि टॉवेलमध्ये गुंडाळलेला खंजीर त्यांनी काउंटरवर ठेवला. त्यांच्या वडिलांनी, एका कॅनेडियन सैनिकानं, दुसऱ्या महायुद्धात शरण आलेल्या जर्मन अधिकाऱ्याकडून तो घेतला होता. बाईंना तो संग्रहालयाला द्यायचा होता, म्हणून अस्सल आहे का ते बघायला त्यांनी जुन्या हत्यारांच्या एका हौशी संग्राहकाकडे नेऊन दिला. परत आणून डबा उघडला तर खंजीर लखलखीत.

"बाबांचा काळवंडलेला होता. त्यांनी तो कधी कुणाला पुसू दिला नाही," त्या म्हणाल्या. "हा त्यांचा नाही."

अशा खंजिरांच्या नकला ढिगानं मिळतात. अस्सल ठेवून नक्कल परत दिल्याची तक्रार मी नोंदवून घेतली. संग्राहक नागपूरचा इंजिनिअर निघाला, तेव्हा साहेबांनी मराठी म्हणून मलाच पाठवलं. आपला माणूस म्हणून मी जरा जास्तच कडक राहिलो.

बेसमेंटमध्ये काचेच्या कपाटात त्याचा संग्रह होता. वकिलाशी बोलायचा हक्क वगैरे सांगून झाल्यावर मी खंजीर पुढे ठेवला. त्यानं सुती हातमोजे चढवले, भिंग लावलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"सर, हा तो नाही. ओरिजिनलचं सिल्व्हर प्लेटिंग पूर्ण ब्लॅक होतं. कलेक्टर ते कधीच क्लीन करत नाही."

"मग तो कुठाय?"

"आय ऑनेस्टली डोन्ट नो. मी फोटो काढले, बॉक्समध्ये ठेवला आणि इंटरव्ह्यूला बाहेरगावी, कनाटाला गेलो. बाई आल्या तेव्हा आईनं बॉक्स हँडओव्हर केला."

कनाटातली ती नोकरी मिळत आली होती, फक्त पोलिसांचा दाखला बाकी होता. चोरीचा गुन्हा लागला असता तर नोकरी गेलीच असती, आणि नावही. हे त्याला कळत होतं, तरी तो स्वतःच्याच गळ्यात फास अडकवत होता. चोर असता तर 'हाच तो' म्हणून छातीठोकपणे सांगून मोकळा झाला असता.

मी भिंग मागून घेतलं. मुठीखालच्या आडव्या पट्टीवर गरुड, त्याच्या नखांत स्वस्तिक. पिसांच्या खाचेत लाल कण अडकला होता.

"रस्ट असेल," तो म्हणाला.

मी नखानं कण काढून बोटावर चोळला. गंज असा पसरत नाही. कुंकू पसरतं. मी सरळ वर स्वयंपाकघरात गेलो.

आई चहा टाकत होत्या, उन्हाळ्यापासून मुलाकडेच होत्या. विचारताच म्हणाल्या, "मीच घासला ना जी. खंडेनवमीले हत्यारं अशी काळी ठेवतेत काय? चिंच लावली, पावडर लावली. त्याच्यावर स्वस्तिक दिसलं, म्हणून पूजेत मधोमध ठेवला."

त्यांच्या शब्दावर प्रकरण मिटणार नव्हतं. मुलानं मूठ अंगठ्यानं खसाखसा चोळून माझ्या नाकाशी धरली. जुन्या सेल्युलॉइडला, म्हणजे कापूर घालून केलेल्या प्लास्टिकला, कापराचा वास येतो, नव्या प्लास्टिकला येत नाही. मी म्हटलं, तुमच्या घरात कापराचा वास पुरावा म्हणून चालायचा नाही. मग त्यानं आधीचे फोटो मोठे करून दाखवले. मुठीवरची केसाएवढी चीर वळणासकट जुळली. खंजीर तोच होता आणि अस्सल होता.

आई हट्टानं आमच्याबरोबर बाईंकडे आल्या. मी दुभाष्या. स्वस्तिक बघून आईंनी तो पूजेत ठेवला, हे मी बाईंना सांगितलं.

"त्या चिन्हाखाली काय काय केलं गेलं, ते बाबांनी एका छळछावणीचं दार उघडताना पाहिलं होतं," बाई म्हणाल्या.

छावण्यांत माणसं कशी मारली, लहान मुलंसुद्धा, हे मी आईंना मराठीत सांगितलं.

"हे मले ठाऊकच नव्हतं," त्या मुलाकडे बघून म्हणाल्या. "तू काहून नाही सांगितलं रे?"

बाईंनी तक्रार मागे घेतली. वडिलांच्या हातांनी चढलेला काळेपणा आता परत येणार नाही, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं. मुलाला दाखला मिळाला.

त्या मुलाला खंजिराचा कारखाना, मुलामा, मूठ, सगळं तोंडपाठ होतं. घरी आलेल्या प्रत्येक संग्राहकाला तो तासन् तास समजावून सांगायचा, आईला मात्र कधीच नाही. त्या प्रकरणानंतर मी कुठल्याही घरी चौकशीला गेलो की आधी स्वयंपाकघरात डोकावत असे. त्या खंजिराबद्दल त्या आईशी बोलणारा पहिला माणूस मी होतो, आणि मी पोलीस होतो.