खुर्चीवरची शहाणी पोर

गिऱ्हाइकांनी त्याचं नाव सबुरीशेठ ठेवलं होतं आणि त्या नावाला तो फक्त सलूनपुरता जागायचा. भोकाड पसरलेलं मूल खुर्चीवर आलं की आधी त्याच्या हातात कंगवा द्यायचा, हवेतच कात्री वाजवायची, आणि मूल हसेपर्यंत केसाला हात लावायचा नाही. आयांना कोण कौतुक!

घरी मात्र लोकां सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण. बाळंतपणानंतर बायको चार महिने रडत होती, तर हा दीडशहाणा म्हणाला, "नाटकं पुरे. जगात काय तुलाच मूल झालंय?" झोप त्याचीही उडाली होती, हे खरं, पण ती कसर त्यानं ओरडून भरून काढली. पुढे तीही ओरडायला शिकली. पोरगी जरा किरकिरली की दोघं एकमेकांवर तुटून पडायचे. मग पोरीनं दुसरं काय शिकावं? तीन वर्षांची झाली तरी मनाविरुद्ध काही घडलं की फरशीवर डोकं आपटायची, चावायची. बाप हात उगारायचा, "आवाज बंद!"

एका रविवारी बायको पोरीला घेऊन थेट सलूनमध्ये आली. पाच जण रांगेत बसले होते.

"हिचे केस कापा," ती म्हणाली. "आणि लोकांच्या पोरांशी वागता तसं हिच्याशी वागून दाखवा. नाही जमलं, तर मी हिला घेऊन आईकडे चालले. कायमची."

"इथं तमाशा नको," तो दातओठ खात म्हणाला.

"मग घरी करता तो काय असतो?"

त्यानं पोरीला खुर्चीवर बसवलं, फडकं बांधलं, कंगवा दिला. तिनं हूं की चूं केलं नाही.

"शहाणी आहे हो पोर! बापाचं वळण," रांगेतले आजोबा म्हणाले.

त्यानं तोऱ्यात बायकोकडे पाहिलं आणि पोरीची मान पुढे करायला बोटं टेकवली. मान लाकडासारखी ताठ होती. वीस वर्षांत हजारो माना त्याच्या हाताखालून गेल्या होत्या. शांत बसलेलं मूल मान कशी सैल सोडतं, हे त्याला न बघता कळायचं. ही श्वास रोखून बसली होती.

"रड गं बाळा, रडलीस तरी चालेल," म्हणत त्यानं गाल कुरवाळायला हात वर केला.

पोरीनं कंगवा टाकून दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड गच्च दाबून धरलं.

बायकोनं फडकं सोडलं, तिला कडेवर घेतलं आणि चालू लागली. रांगेतल्या पाचांपैकी एकही जण खुर्चीवर येऊन बसला नाही.