राहीबाईची पावलं

गावात कुणाचा जमिनीचा तुकडा विकायला निघाला की राहीबाईला बोलावणं जायचं. तिला अक्षरओळख नव्हती, पण चाळीस वर्षं तिनं गावातल्या एकूण एक रानात भांगलण केली होती. खुरप्याच्या टोकाला कुठं काळी माती लागते आणि कुठं वितीवर खडक, हे तिनं झोपेतसुद्धा सांगितलं असतं.

तिची रीत साधी होती. "चांगल्या सालावर दर धराल तर घेणारा मरंल," ती म्हणायची. "वाईट सालात काय मिळालं ते इचारा. तसली धा सालं मोजा. तीच किंमत." विकणारा कुरकुरायचा, घेणारा मान हलवायचा, आणि शेवटी दोघंही तिचाच आकडा धरायचे.

कृष्णेकाठच्या मळीला मात्र तिची आणखी एक अट होती. मळी म्हणजे लोण्यासारखी गाळाची माती, वांगी अशी लागतात की झाड वाकतं. पण नदी ती दरसाल थोडी थोडी खाते. म्हणून बांधावरच्या बाभळीपासून दरडीच्या कडेपर्यंत राहीबाई दरसाली पावलं मोजून ध्यानात ठेवायची. वर्षाला एखादं पाऊल घटायचं. दहाच्या वर पावलं उरली असली की दहा सालांना मरण नाही, पुरी किंमत द्यावी.

सेहेचाळीस साली शालूबाईची पाच गुंठं मळी निघाली. तिचा नवरा लढाईतून एक पाय गमावून आला होता. रहिमतपुरात भावाशेजारी दुकान टाकायचं त्याच्या मनात होतं. घेणारा होता दस्तगीर पिंजारी. गावोगाव गाद्यांचा कापूस पिंजून त्यानं अन् त्याच्या जरिनानं तीनशे रुपये जमवले होते, बारा वर्षांत.

आषाढ लागला तरी गावावर थेंब नव्हता. उन्हात राहीबाई बाभळीपासून निघाली. गेल्या साली एकोणीस भरली होती. आज अठरा. एकच घटलं. कडेला उभी राहून तिनं खाली पाहिलं. दरडीतल्या भोकांत दरसाल लहान पाखरांची ये-जा असायची. आज भोकं रिकामी होती. तिला क्षणभर चुकल्यासारखं वाटलं, पण तेवढ्यात मागून नाथाजी पाटलानं हाळी दिली, "आवं राहीबाई, नदीत उडी घ्यायची न्हाई, किंमत सांगायची हाय!"

माणसं हसली. गावात परतून पारावर बसल्यावर तिनं सांगितलं, "वाईट सालात तीस रुपयं. धा सालं. तीनशे."

"घासाघीस न्हाई करायची?" पाटील म्हणाला.

"मावशीच्या तोंडचा आकडा हाय," दस्तगीर म्हणाला आणि कमरेची पिशवी सोडली. शालूबाईनं पैसे घेतले, कागदावर अंगठा उमटवला, आणि दुपारच्या मोटारीनं नवऱ्यासह निघूनही गेली.

राहीबाई घराकडं वळली. मळी मोजली त्या दिवशी घरापर्यंत पावलं मोजत जायची तिला खोडच होती. मारुतीच्या देवळापासून तिच्या उंबऱ्यापर्यंत ऐंशी पावलं. नवरी म्हणून आली त्या दिवसापासून ऐंशी. आज ऐंशी झाली तेव्हा ती अजून शेजारच्या बनुबाईच्या दारातच होती.

"का गं, वाट चुकलीस व्हय?" बनुबाई आतून म्हणाली.

राहीबाई थांबली नाही. पुढं मोजत गेली. उंबऱ्यावर पाय ठेवला तेव्हा शंभर भरली होती.

ती तिथंच टेकली. थंडीत गुडघा सुजला होता, लेप लावून बरा झाला म्हणून ती विसरूनही गेली होती. गुडघ्यानं मात्र तिचं पाऊल आखडून ठेवलं होतं, आणि तिला सांगितलं नव्हतं. तिनं मडक्यातून चिंचोके काढले, उंबऱ्यावर मांडले. पाचांची चारच धरायची. अठरा मांडले आणि पाचांमागं एक बाजूला काढत गेली. चौदा उरले, वर एखादा अर्धा. एकोणिसातून चौदा गेले. उरले त्यांच्याकडं ती बघत राहिली.

पाच. नदीनं एका सालात पाच पावलं खाल्ली होती; पाखरांनी दरड का सोडली ते आता कळलं. म्हणजे पुढं जेमतेम तीन सालं, आणि दस्तगीरनं दहांचे पैसे मोजले होते.

ती उठली तशीच मळीकडं निघाली. गुडघा आता चांगलाच बोलत होता. ऊन रणरणत होतं, आभाळ कोरडं. पण उतारावरून नदी दिसली आणि तिनं पाय उचलला. सकाळी हिरवं असलेलं पाणी तांबूस झालं होतं. वर महाबळेश्वराकडं कोसळत असणार. पाणी आवाज न करता चढत होतं.

दस्तगीर कडेलाच खोपीसाठी लाकडी मेढी रोवत होता. चार रोवून झाल्या होत्या. जरिना तान्ही पोर मांडीवर घेऊन सावलीला बसली होती.

"या मावशी! हितं वारा लय झ्याक लागतो."

"बाभळीपासनं कडेपातूर चाल बाबा. तुज्या पायानं."

तो हसत हसत चालला. लांब टांगांचा गडी. त्याची बाराच भरली. तो मेढींपाशी थांबला तेव्हा राहीबाईनं जवळ जाऊन सगळं सांगितलं, गुडघ्यापासून चिंचोक्यांपर्यंत, काही हातचं न राखता.

दस्तगीरचं हसू विरलं. "मावशी, तुमी म्हणला म्हणून मी दिलं. माप मी कशाला घिऊ? आता तुमीच न्हाई म्हणता?"

"व्हय. मी चुकले."

"शालूबाई गेली की वो."

"गेली. पैसा तिचा, चूक माजी."

खाली कुठंतरी मातीचं ढेकूळ पाण्यात पडलं. डुबुक. जरिनानं पोरीला उचललं आणि बाभळीच्या पलीकडं जाऊन उभी राहिली.

"माज्या घरामागच्या परड्यात तीन गुंठं हायत," राहीबाई म्हणाली. स्वतःच्या जमिनीची किंमत ती पहिल्यांदाच करत होती, तिचा आवाज सपाट होता. "खडकाळ. वाईट सालात पंधरा रुपयं. धा सालांचं दीडशे. नदी तिथं यायची न्हाई. ती जमीन तुजी. मळीत तीन सालं पिकलं तर नव्वद. तरीबी साठ ऱ्हात्यात. ती भांगलून फेडीन."

"आन् तुमी काय खाणार?" जरिनानं लांबूनच विचारलं.

राहीबाई दस्तगीरच्या पायांकडं पाहत होती. तिच्या आणि त्याच्या मधे, सुक्या मातीत एक रेघ गेली होती, गवताखालून, बोटभर रुंद. सकाळी ती नव्हती. रेघेच्या नदीकडच्या अंगाला चार मेढी आणि दस्तगीर.

"मेढी राहू दे," ती हळू म्हणाली. "हिकडं ये. पळू नगंस. पाय उचलून टाक."

त्यानं खाली पाहिलं आणि रेघ ओलांडली. पण माणसाचा जीव तो, मेढी सोडवेनात. हात लांब करून जवळची मेढ उपटली, दुसरी उपटली, तिसरीही आली. चौथीला हात लागायच्या आत ती मातीसकट आपसूक नदीकडं झुकली.