जनकाबाई आणि पूजेचं खोगीर

घोडेस्वारीच्या शिबिराचं नाव काढलं की अजूनही माझं डोकं तापतं. लोक म्हणतात, जाऊ द्या, जुनी गोष्ट आहे. का जाऊ द्यायची? ज्यांनी ते शिबिर भरवलं ते हार घालून मिरवले, आणि जिला खरंच घोड्यावर बसायची गरज होती तिला त्यांनी पट्ट्यांची पेटी धरून उन्हात बसवलं.

मोठा दुष्काळ नुकताच सरला होता. गोरेगावच्या सरकारी दवाखान्यात मी कंपाउंडर होतो आणि जनकाबाई नर्स. मूळच्या हट्टा गावच्या, बौद्ध घरातल्या. बापानं दुसऱ्याच्या रानात राबून लेकीला शिकवलेलं. अंगानं काटक, आवाजानं खणखणीत. बाळंतपणाचा निरोप आला की हातातला घास ठेवून उठायच्या. सेनगावच्या रस्त्याला जीप मिळायची, पण बंजाऱ्यांच्या तांड्याकडं वाट कसली? काळी जमीन. पाऊस झाला की पाय वर यायचा आणि चप्पल खाली राहायची.

त्या श्रावणात तांड्यावरच्या थावराची सून रूपाबाई बाळंतपणात अडली. निरोप मिळताच जनकाबाई निघाल्या. चप्पल हातात, पातळ गुडघ्यापर्यंत खोचलेलं, पेटी डोक्यावर. चिखल तुडवत पोचेपर्यंत फार उशीर झाला. रूपाबाई कशीबशी वाचली, लेकरू गेलं. परत आल्यावर चिखलाचे पाय न धुताच त्या बाकावर बसल्या. पाणी दिलं तर घेतलं नाही.

"मला घोडं पाह्यजे," एवढंच म्हणाल्या. "पायानं आता भागत न्हाई."

आणि दिवाळीनंतर गावात बातमी आली की आमच्या अश्वप्रेमी मंडळाला सरकारी अनुदान मंजूर झालं. खेड्यापाड्यांतल्या कामकरी लोकांना घोडेस्वारी शिकवायची, शिकवणार मंडळाचेच सभासद. मंडळ म्हणजे कोण, तर अध्यक्ष भिवाजीराव आणि त्यांच्या ओसरीवर चहा पिणारे चारदोन जण. भिवाजीरावांनी पुण्याला कधीतरी घोड्यांचे खेळ पाहिले होते. तिथला घोडा म्हणे तालात पावलं टाकत आडवा चालायचा. तेव्हापासून त्यांना तोच नाद. अहो, इथं बाळंतिणीकडं सरळ जायला वाट नाही आणि यांना घोडा आडवा चालवायचाय!

जनकाबाई पहिल्याच दिवशी मैदानावर हजर. मीही सोबत होतो. भिवाजीरावांनी त्यांना पाहिलं आणि कपाळाला आठी पडली.

"बाई, तुमी काहून आल्या?"

"शिकायला आले. मी बी कामकरीच हाय की."

"व्हय, बराबर. पण असं हाय, हे खोगीर आमच्या घरचं. दसऱ्याला देवापुढं ठिवून पूजतो आमी. त्याच्यावर कुणालाबी बसवता येत न्हाई."

तोवर त्या खोगिरावर दुकानदाराचा पोरगा बसून गेला होता, तलाठी बसून गेला होता, भिवाजीरावांचा ड्रायव्हरसुद्धा एक फेरी मारून उतरला होता. मग ‘कुणालाबी’ म्हणजे कुणाला, हे मैदानावरच्या प्रत्येकाला कळलं. माझ्या तर अंगाची लाहीलाही झाली. भिवाजीरावांचा आवाज मात्र गोडच होता. ते म्हणाले, "तुमी असं करा, औषधाची पेटी घिऊन सावलीला बसा. कुणी पडलं तर पट्टी बांधा."

सावलीही नव्हती तिथं. संबंध शिबिरभर जनकाबाई उन्हात बसल्या आणि पडणाऱ्यांना पट्ट्या बांधल्या. पडले पुष्कळ. शिकलं कुणीच नाही. दोन फेऱ्या, मग चहा, मग फोटो, असं चाललं होतं. शेवटच्या दिवशी त्यांनी पेटी बंद केली आणि तडक तांड्याची वाट धरली.

थावराकडं एक अबलख घोडी होती. पंचक्रोशीतल्या नवरदेवांची वरात तिच्यावरूनच निघायची. लग्नसराईत ती कामात असायची, पण आषाढ लागला की दिवाळीपर्यंत लग्नं बंद, आणि चिखल नेमका तेव्हाच. थावरा म्हणाला, "पावसाळाभर घिऊन जावा, बाई. माझं नातवंड गेलं तवा ही दावणीला उभीच व्हती. मलाच तवा सुचलं न्हाई."

त्यानं खोगिराचं अवडंबर केलं नाही. पाठीवर गोणपाटाची घडी टाकली, दोरीनं आवळली आणि म्हणाला, "मांडी आवळा, लगाम आवळू नका." जनकाबाई पडल्या, कोपर सोलून घेतलं, थावरावर खेकसल्या, पुन्हा बसल्या. मिरगापर्यंत त्या एकट्या घोडी घेऊन ओढा ओलांडू लागल्या.

पण वरातीची घोडी ती! वरात दारादारापुढं थांबते, बायका ओवाळतात आणि घोडीला गुळाचा खडा देतात. तिला तेच माहीत. वस्तीत शिरली की ती पहिल्या दारापुढं थांबायची. टाच मारा, ओरडा, गूळ मिळाल्याशिवाय पाऊल उचलायची नाही. सुरुवातीला जनकाबाई वैतागल्या. मग पदराला गूळ बांधून निघू लागल्या, आणि दार आलं की विचारू लागल्या, "घरात कुणाला ताप-बिप? कुणाला दिवस गेलेत?" जी दुखणी दवाखान्यापर्यंत कधी आली नसती, ती अशी दारात सापडली. पुढच्या वर्षी रूपाबाईचं दुसरं लेकरू जनकाबाईंच्या हाती झालं. पोरगी, चांगली रडकी.

मग परभणीहून साहेब शिबिराची पाहणी करायला यायचे ठरले. शिकलेला एक माणूस तरी दाखवायला हवा ना! भिवाजीराव स्वतः दवाखान्यात आले, आणि गड्याच्या डोक्यावर तेच पूजेचं खोगीर.

"बाई, साहेबापुढं दोन फेऱ्या मारा. शिबिरात शिकले म्हणा. खोगीर खुशाल घ्या."

गरज पडली तेव्हा खोगीर बरं चालतं! जनकाबाईंनी त्याला हातसुद्धा लावला नाही. गोणपाट टाकूनच मैदानावर आल्या, झक्क फेरी मारली. साहेबांनी टाळ्या वाजवल्या आणि विचारलं, "कुठं शिकलात?"

"तांड्यावर, थावराभाऊंकडं. शिबिरात मला पट्ट्यांची पेटी दिली व्हती."

साहेब ऐकून खाकरले आणि चहाला गेले. अनुदान पुन्हा मंजूर झालं. मी काय म्हणतो ते कळलं ना? मंजूर झालं!

भिवाजीरावांनी डूख धरला. नर्सबाई बसते ती घोडी नवरदेवाला कशी चालायची, असं त्यांनी गावभर पेरलं. त्या लग्नसराईत मोठ्या घरांनी घोडा बाहेरून आणला. जनकाबाई थावराच्या दारात गेल्या. "तुमची भाकर जातीय माझ्यापायी. मी आता घोडी न्यायला येणार न्हाई."

थावरानं नातीला उचललं आणि त्यांच्या पुढ्यात धरलं. "ही कुणाच्या हातची? पावसाळ्यात घोडी तुमच्याकडंच ऱ्हाईल, बाई. गरिबाच्या वराती हायेत अजून."

तांड्याची जवळची वाट भिवाजीरावांच्या दारावरून जायची, म्हणून जनकाबाई मुद्दाम मागच्या पांदीनं जायच्या. भादव्यात एकदा पांद पाण्याखाली गेली आणि तांड्यावरून बोलावणं आलं. दुसरी वाटच नव्हती. मी पेटी घेऊन मागं चालत होतो. व्हायचं तेच झालं. भिवाजीरावांच्या दारापुढं घोडी थांबली. जनकाबाईंनी पदर चाचपला, तर घाईत गूळ घरीच राहिलेला.

ओसरीवर मंडळाची बैठक भरली होती. भिवाजीराव उठून कडाडले, "बाई, पुढं घ्या घोडी! दार काहून अडवून राहिल्या?"

"ही दारापुढं थांबती, भिवाजीराव. कुणाच्या दारात थांबायचं आन् कुणाच्या न्हाई, हे तिला कुणी शिकवलं न्हाई. त्याचं एक शिबिर घ्या, त्यालाबी अनुदान मिळंल. आता गूळ आणा लवकर. तिकडं बाई अडलीय."

भिवाजीरावांनी गड्याला हाक मारली, गडी रानात गेलेला. शेवटी तेच आत गेले, गुळाचा खडा आणला आणि लांबूनच चिखलात टाकला. घोडीनं त्याच्याकडं पाहिलंही नाही.

"हातानं द्यावा लागतो," जनकाबाई वरून म्हणाल्या.

ते पुन्हा आत जाऊन आले, पायऱ्या उतरले, घोडीजवळ आले आणि तळहातावर गूळ धरला. घोडीनं तो चाटूनपुसून खाल्ला आणि मग चालू लागली.