कापसाच्या खोलीत लिनक्स

तुझा संगणक असा का दिसतो, असं पुण्यातले मित्र विचारतात, तेव्हा मी लिनक्स म्हणतो आणि विषय बदलतो. खरं सांगायचं तर कापसापासून सुरुवात करावी लागते.

झरीला आमच्या घरात स्लॅबची खोली एकच, बाकी सगळे पत्रे. आई गेल्यावर मी घरून काम करायची परवानगी काढली, गावी आलो आणि त्या खोलीत टेबल मांडलं. वेचणी सुरू झाली तसा वडिलांनी तिथेच कापूस रचायला घेतला. भाव येईपर्यंत कापूस घरात ठेवायचा, ही आमच्याकडची रीत. संगणकाला कोरडी जागा लागते, तशी कापसालाही. संक्रांतीच्या सुमारास ढीग माझ्या खुर्चीला येऊन टेकला.

कापसाची बारीक रुई हवेत उडते आणि संगणकाचा पंखा ती इमानेइतबारे आत ओढतो. यंत्र तापायचं, पंखा बोंबलायचा आणि ऐन मीटिंगमध्ये सगळं बंद पडायचं. शेवटी साहेबांनी शांतपणे सांगितलं, पुन्हा असं झालं तर पुण्याला यावं लागेल. मला जायचं नव्हतं. वडिलांना एकटं टाकून तिथे मला घास गोड लागला नसता.

कापूस हलवा म्हणायची माझी प्राज्ञा नव्हती. म्हणून संगणकच हलका केला. यंत्र कमी तापावं म्हणून आधीची जड प्रणाली काढली आणि सापडलं त्यातलं सगळ्यात साधं लिनक्स घेतलं. चित्रं नाहीत, सजावट नाही. काळ्या पडद्यावर डावीकडे कोड, उजवीकडे त्याची उत्तरं, आणि खिडक्या हलवायच्या त्या कीबोर्डवरूनच. मित्रांना ही माझी शिस्त वाटते. मीही वाटू दिली, त्यात माझं काही जात नव्हतं. पंखा मात्र रोज ब्रशने झाडावा लागायचाच.

वडील सकाळी ढिगात कोपरापर्यंत हात घालून बघायचे, कारण ओल राहिली तर कापूस आतून तापतो. एकदा तोच हात काढून त्यांनी संगणकाच्या डब्यावर ठेवला.

"हे बी लय तापायलंय की."

"चालतंय आण्णा. आधीपेक्षा कमी हाय."

"अन् बंद पडलं तर?"

"तर पुण्याला जावं लागंल."

त्यांनी हात धोतराला पुसला आणि ते बाहेर गेले.

त्याच आठवड्यात दारात कापूस घेणाऱ्या व्यापाऱ्याचा टेम्पो लागला. मी मीटिंगमध्ये होतो. माझ्या मागून माणसं कापसाचे गठ्ठे बांधून नेत होती आणि ती सगळ्यांना पडद्यावर दिसत होती. मागे काय चाललंय, असं साहेबांनी विचारलं. मी कॅमेरा बंद केला. संध्याकाळपर्यंत खोली झाडून लख्ख झाली होती आणि पंख्याचा आवाज येत नव्हता.

पुढे भाव चढला. वडिलांकडून नव्हे, मला तो चावडीपाशी कळला. मला राग आला, त्यांचा आणि त्याहून जास्त माझा. घरी येऊन म्हणालो, "आण्णा, जरा थांबायचं होतं की तुमी."

"थांबलो असतो," तंबाखू मळता मळता ते म्हणाले. "मंग तू गेला असतास, अन् सगळं घरच कापसाला मोकळं झालं असतं."