समीरच्या नावाचं बाक

समीर गेल्यानंतर आज पहिल्यांदाच ग्रुपवर लिहिते आहे.

न्युरेम्बर्गजवळच्या आमच्या गावात बंद पडलेल्या रेल्वेमार्गावर सायकलवाट केली आहे. समीर त्याच वाटेने ऑफिसला जायचा. तिथे त्याच्या नावाचं बाक बसवावं, अशी माझ्या सासऱ्यांची, बाबांची इच्छा. मला परत न्यायला ते पुण्याहून आले आहेत. आज आम्ही दोघं राटहाउसमध्ये, म्हणजे इथल्या नगरपालिकेत विचारायला गेलो.

तिथल्या बाई म्हणाल्या, "वाट बांधायला राज्याने निधी दिला, देखभालीला देत नाही. ती गावावर आहे आणि आमच्याकडे माणसं नाहीत. म्हणून बाक देईल त्यानेच ते सांभाळायचं, असं ठरलंय. तुम्ही इथेच राहणार ना?"

"काय म्हणतायत गं?" बाबांनी विचारलं.

"बाक सांभाळायला कुणीतरी कायम इथे हवं."

"मग हो म्हणून टाक की! त्यात काय एवढं…" बोलता बोलता ते थांबले.

मी हो म्हणाले. रडू आलं नाही. खरं तर काहीच वाटलं नाही.

परत येताना बसमध्ये बाबा एवढंच म्हणाले, "तुझं तिकीट रद्द करायला हवं."

जोडीदार गेल्यावर तुमच्यापैकी कुणी इथेच राहिलंय का? कसं जमवलंत?