पेडलखालचं तेल

माझी जबलपूरला बदली झाली तेव्हा मी हवालदार होतो, गाड्यांचा मेकॅनिक. घर कांचघरला, वर्कशॉप छावणीत. सकाळी पीटी, परेड, मग दिवसभर गाड्यांच्या पोटाखाली. फौजेत माणसाला निदान आजारी पडायची सुट्टी मिळते. आमच्या गाड्यांना तीही नव्हती.

सगळ्यात म्हातारी होती फॅमिली व्हॅन, जवानांच्या बायकामुलांना क्वार्टर्समधून मिलिटरी हॉस्पिटलला नेणारी. तिचा ड्रायव्हर नायक देविदास मेशराम, भंडाऱ्याकडचा, माझ्याच गल्लीत भाड्यानं राहायचा. त्याची बायको शांता टीबीनं अंथरुणाला खिळलेली. युनिटचा दंडक असा, की परेडला गाडी कोरडी हवी. खाली थेंब दिसला तर ड्रायव्हरची खैर नाही. मेशरामची व्हॅन कायम लख्ख असायची. "काय रे, आज हिला पावडर नाही लावली?" असं मी चिडवायचो आणि तो हसायचा.

एकदा क्लच बघायला मी त्याच्या सीटपाशी वाकलो आणि रबरी मॅट उचलली. पेडलखालचा रंग पोपडे धरून निघाला होता, खाली नुसता पत्रा. पाण्यानं किंवा इंजिन ऑइलनं रंग असा जात नाही. ब्रेक ऑइलनं जातो.

"काय गळून राहिलं इथं?"

"काही नाही उस्ताद. बुटाचं पाणी असन."

"पाण्यानं रंग निघते का रे?"

त्यानं मॅट पुन्हा जागेवर सरकवली.

क्लच आणि ब्रेकचे सिलिंडर पेडलच्या वर शेजारी शेजारी असतात, दोन्हींत तेल तेच. तेल ओघळून कुठंही येतं, म्हणून खालच्या डागावर भरवसा ठेवायचा नाही. मी पेडलपासून सिलिंडरात जाणारे दोन्ही दांडे पुसले, दोन्हींना पांढरी चिंधी बांधली आणि मेशरामला आधी क्लच, मग ब्रेक दाबायला लावला. क्लचची चिंधी कोरडी राहिली. ब्रेकची भिजली. ब्रेक दाबून धरायला सांगितला, तर पेडल पायाखाली हळूहळू खचत गेलं. मास्टर सिलिंडरच्या रबरी सील गेल्या होत्या. हा गडी रोज वर तेल भरत होता आणि खाली पुसत होता.

"क्लच लिहा ना उस्ताद," तो म्हणाला. "ब्रेक लिहिला तर इन्स्पेक्शनमध्ये गाडी कंडम करतीन. गाडी गेली की मले दुसरीकडं पोस्टिंग. शांताची दवाई इथं चालू हाय. मी गेलो तर तिले कोन पाहीन?"

मला त्याची दया आली. पण ब्रेकच्या बाबतीत मी दया दाखवत नाही. स्टिअरिंगला 'ऑफ रोड'ची लाल पाटी बांधली. "सील मागवतो. बसल्या तर गाडी पास करून घेऊ. तोवर हलवायची नाही."

त्यानं किल्ली माझ्या हातावर ठेवली.

स्टोअरमध्ये सील नव्हत्या. दुसऱ्या दिवशी सगळं युनिट युद्धसरावाच्या एक्सरसाइजवर गेलं, चालत्या गाड्याही गेल्या. दुपारी फोन वाजला. ड्यूटी ऑफिसर होते.

"क्वार्टर में डिलिव्हरी केस है. बहुत ब्लीडिंग है. गाड़ी भेजो."

"सर, सिर्फ व्हॅन है. ऑफ रोड. ब्रेक."

"सिव्हिल अँब्युलन्स नहीं मिल रही. ला सकते हो?"

मेशराम शेजारीच उभा होता. "मी नेतो उस्ताद. सेकंड गिअरमध्ये, हळू हळू. बाई मरून राहिली तिकडं."

मी ब्रेक ऑइलची बाटली काठोकाठ भरली, पेडल पंप केलं. घट्ट झालं. मी त्याच्या डाव्या बाजूला बसलो, हात हँडब्रेकवर. क्वार्टर्समधून बाईला आणि तिच्या सासूला मागं घेतलं. बाई ओरडतही नव्हती, त्याचीच जास्त भीती वाटत होती.

रेल्वेच्या पुलावर चढेपर्यंत ठीक होतं. उतार लागला आणि मेशरामनं ब्रेक दाबला.

"उस्ताद, गेला."

पेडल तळाला टेकलं होतं. मी हँडब्रेक ओढला. व्हॅन कण्हली, थांबली नाही. खाली शाळा सुटली होती. मुलांनी भरलेल्या सायकलरिक्षा रस्ताभर. डावीकडे पुलाची दगडी भिंत जवळ होती, पण त्या बाजूला मी होतो. समोरून कुणी येत नव्हतं. मेशरामनं चाक उजवीकडे फिरवलं.

"धरून बसा," तो म्हणाला, आणि पलीकडच्या भिंतीला आपली बाजू लावली.

गाडी थांबली तेव्हा मला खरचटलंही नव्हतं. मागून येणाऱ्या एका ट्रकनं बाईला हॉस्पिटलला नेलं. ती वाचली, तिचं मूलही वाचलं. मेशराम माझ्या मांडीवर गेला. मी हवालदार माणूस, भर रस्त्यात पोरासारखा रडलो.

लढाईत पडला नाही म्हणून नायक देविदास मेशरामचं नाव कुठल्या दगडावर कोरलेलं नाही. शांतावहिनी पुढं बऱ्या झाल्या, कांचघरलाच राहिल्या. पण मला त्या आठवतात त्या अपघाताच्या दिवशी दिसल्या तशाच. बातमी सांगायला मलाच पाठवलं होतं. मी युनिफॉर्ममध्ये दारात उभा राहिलो. त्या भिंतीला धरून उठल्या, माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि घाबरून विचारलं,

"काहून आले भाऊजी? यांची पोस्टिंग आली का?"

"नाही वहिनी."

"मग ठीक हाय," त्या म्हणाल्या. "बसा, पाणी आणतो."