रेडिओ बंद करणारी बाई

संकटकाळात बातम्या कशा द्यायच्या, हे मी स्थानिक रेडिओच्या वार्ताहरांना शिकवतो. वादळाचा इशारा आला आणि त्यांचं पहिलं बातमीपत्र सुरू झालं. लोक ते कसं ऐकतात हे बघायला मी दिघीच्या जेट्टीवर गेलो होतो. तिथं बोंबील निवडणाऱ्या एका बाईनं मात्र ते लागताच ओल्या बोटानं रेडिओ बंद केला. तासाभरानं पुन्हा तेच. तिसऱ्यांदा माझं डोकंच फिरलं.

"अहो मावशी, तुमच्याच भल्याचं सांगतायत ना!"

"कसलं भल्याचं? दर्यात जाऊ नका, दर्यात जाऊ नका! आमची होडी चार दिस झाले दर्यातच हाय. तिनं आता कुठल्या बंदरात शिरायचं, ते कोन सांगनार?" हातातला बोंबील तिनं टोपलीत आपटला.

'मच्छिमारांनी समुद्रात जाऊ नये' हे वाक्य मीच वार्ताहरांकडून तीन दिवस घोटून घेतलं होतं.